व्हिएतनामी चित्रकला म्हणजे पॅरिसला गेलेले ते तिघंच का? हनोईत बाकीच्यांचं काय बघावं?

तुम्ही लिहिलंय की पॅरिसच्या सेर्नुस्की संग्रहालयातल्या सिंहावलोकन प्रदर्शनाबद्दल वाचलं, ले फो, माय थू आणि वू काओ दाम ही नावं कळली, आता हनोईला चाललायत आणि तिथं या पिढीचं काय बघावं ते सुचवा.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. ते तिघं वाईट चित्रकार नव्हेत. पण व्हिएतनामी चित्रकलेचं खरं काम जे तिथंच राहिले त्यांनी केलं, आणि हे मी पॅरिसवाल्या एका माणसाच्या तोंडावर सांगून आलोय, म्हणून इथं लिहायला बसलो.

हा माणूस माझा वर्गमित्र. आम्ही एकाच बाकावर बसून स्टिल लाइफ केलं. तो शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेला आणि तिथलाच झाला. मी तालुक्याच्या शाळेत चित्रकला शिक्षक. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला पोरं बसवली, गॅदरिंगचे पडदे रंगवले, जनगणनेला घरोघर हिंडलो. सुट्टीत स्वतःची चित्रं केली. दर भेटीत त्याचं एक वाक्य ठरलेलं: ‘तू राहून गेलास रे.’ इतकी वर्षं मी हसून सोडून देत आलो होतो.

माझी मुलगी नोकरीनिमित्त हनोईत असते. मी तिच्याकडे होतो तेव्हा हा भारतात येता येता वाट वाकडी करून तिथं आला. पॅरिसचं ते प्रदर्शन त्यानं पाहिलेलं, फोनमध्ये त्याचे फोटो. हनोईच्या आर्ट स्कूलला शंभर वर्षं होत आली म्हणून ते भरवलेलं. व्हिक्तोर तार्दिय हा फ्रेंच चित्रकार आणि नाम सोन हा व्हिएतनामी, या दोघांनी उभं केलेलं हे स्कूल १९२५ साली सुरू झालं. गोऱ्या सरकारचं आर्ट स्कूल कसं असतं हे जे. जे. माहीत असलेल्यांना वेगळं सांगायला नको. ले फो आणि माय थू तिथल्या पहिल्याच तुकडीतले. वू काओ दाम १९३१ मध्ये पॅरिसला गेला, हे दोघं १९३७ मध्ये. तिघंही तिकडेच राहिले, तिकडेच वारले.

तर आम्ही न्गुयेन थाय होक रस्त्यावरच्या ललित कला संग्रहालयात गेलो. फ्रेंचांच्या काळात ही इमारत मुलींचं वसतिगृह होती, १९६६ साली तिचं संग्रहालय झालं. मित्र पहिल्या दालनापासून ‘हे आमच्याकडचं, हे आमच्याकडचं’ करत चाललेला. आमच्याकडचं म्हणजे पॅरिसचं. मग आम्ही न्गुयेन सांग या चित्रकाराच्या मोठ्या लॅकरच्या, म्हणजे झाडाच्या चिकाच्या रोगणात केलेल्या, चित्रापुढे आलो. १९६३ सालचं काम. दिएन बिएन फूच्या, म्हणजे १९५४ ला फ्रेंचांना हरवलं त्या लढाईतल्या, खंदकात जखमी सैनिकाला कम्युनिस्ट पक्षात घेताहेत, डोक्याला पट्टी, आजूबाजूला साथीदार. मित्रानं एक नजर टाकली आणि म्हणाला, “पोस्टर आहे रे. पक्षाचं पोस्टर.”

तिथं माझं डोकं फिरलं. विषय पक्षाचा आहे, कबूल. पण बाबा, आधी बघ तरी ते कशात केलंय! फू थो भागातल्या झाडांचा चीक काढतात, त्याचे थरावर थर चढवतात. तो दमट हवेतच नीट वाळतो. आपल्याकडे पावसाळ्यात पोस्टर कलर वाळत नाही म्हणून पोरं रडतात, इथं सगळं उलटं. मधे सोन्याचांदीचा वर्ख, अंड्याचं कवच, हिंगूळ. मग पाणी घालून घासत बसायचं, आणि खालच्या थरातलं काय किती वर येऊ द्यायचं ते हाताच्या अंदाजानं ठरवायचं. ब्रशनं रंगवण्यापेक्षा घासण्यातच चित्र निघतं. एकदा जास्त घासलं की गेलं. या माध्यमाचे जुने रंग म्हणजे काळा, तपकिरी, लाल, सोनेरी. त्यात पिवळा, हिरवा, निळा खेळवून दाखवणाऱ्यांत सांगचं नाव पहिल्या ओळीत घेतात. म्हणजे देवळातल्या मखरांची कारागिरी घेऊन त्यानं खंदकातली माणसं उभी केली. हे पॅरिसमध्ये बसून झालं नसतं. चीकही तिथला आणि माणसंही तिथलीच.

मित्र म्हणाला, “बरं, पण किंमत बघ ना.” आणि फोनमधून आकडा काढला: माय थूचं १९३० सालचं एका तरुणीचं व्यक्तिचित्र २०२१ मध्ये हाँगकाँगच्या लिलावात ३१ लाख डॉलरला गेलं. बाजार खोटं बोलत नाही, वगैरे.

यावरचं भांडण न्गुयेन हुउ हुआन रस्त्यावरच्या काफे लाममध्ये झालं. जागा मी मुद्दाम निवडली होती. चित्रकार बुई शुआन फाय इथं कॉफी प्यायचा आणि पैसे नसले की चित्र द्यायचा. मालकाकडे त्यातून संग्रह उभा राहिला. फाय याच आर्ट स्कूलचा, १९४५ ला ते बंद पडलं त्याच्या शेवटच्या वर्षांतला. पुढे हनोईच्या कला महाविद्यालयात शिकवत होता. १९५६-५७ मध्ये लेखक-कलावंतांनी मोकळेपणानं बोलू द्या म्हणून जी उचल खाल्ली त्यात हा सापडला आणि नोकरी गेली. मग वर्तमानपत्रांसाठी रेखाटनं करून पोट भरलं. कॅनव्हास परवडेना म्हणून वर्तमानपत्राच्या कागदावर, पुठ्ठ्यावर, काडेपेटीवर रंगवलं. काय रंगवलं? आपल्या आसपासच्या गल्ल्या. कललेली कौलं, ओल आलेल्या भिंती, काळी जाड रेघ, रस्त्यावर चिटपाखरू नाही. आज हनोईत या गल्ल्यांनाच लोक ‘फायच्या गल्ल्या’ म्हणतात. उभ्या आयुष्यात त्याचं एकट्याचं प्रदर्शन एकच भरलं, १९८४ मध्ये.

आणि आता १९८८ ऐका. फाय जूनमध्ये गेला. डिसेंबरात झुओंग बिक लिएन हा दुसरा चित्रकार गेला आणि त्याच्या मागोमाग सांग. न्घिएम, लिएन, सांग, फाय अशी चौकडी तिकडे एका दमात म्हणतात, त्यातले तिघं एका वर्षात संपले. देशाची दारं उघडायला १९८६ मध्ये नुकती सुरुवात झाली होती. गॅलऱ्या, परदेशी गिऱ्हाइकं, डॉलर हे सगळं त्यांच्यामागून आलं. चौथा, न्गुयेन तु न्घिएम, २०१६ पर्यंत जगला म्हणून त्याला तरी ते दिसलं. मी मित्राला विचारलं, हे चौघं राहून गेले म्हणायचं का? आणि तो ले फो, १९६३ पासून शिकागोच्या गॅलरीशी करार करून फुलदाण्या आणि बायका रंगवत बसला, तो पोचला म्हणायचं?

तो म्हणाला, “तू फायबद्दल बोलत नाहीयेस.” नव्हतोच बोलत. आपल्याकडचं उदाहरण हवं तर आबालाल रहिमान घ्या. जे. जे.मध्ये नाव काढलेला माणूस कोल्हापूरला परतला आणि कोटितीर्थाच्या काठी चित्रं काढत राहिला. त्याला ‘राहून गेला’ म्हणायची कोल्हापुरात कुणाची छाती आहे?

बरं, तुमचा दुसरा प्रश्न. संग्रहालयाला अर्धा दिवस द्या, टूरवाले पाऊण तासात बाहेर काढतात. न्गुयेन सांगचं ते चित्र बघाच. त्रान वान कानचं ‘एम थुय’ हे १९४३ सालचं लहान मुलीचं तैलचित्र बघा, ती चित्रकाराची भाची. ‘तो न्गोक वान’ या नावाच्या चित्रकाराचं काही दिसलं तर थांबा: लिलीच्या फुलांशेजारी बसलेल्या तरुणीच्या चित्रानं नाव झालेला हा माणूस नंतर जंगलात जाऊन फ्रेंचांविरुद्धच्या लढ्यातल्या पोरांना चित्रकला शिकवत होता आणि १९५४ मध्ये बॉम्बहल्ल्यात मेला. रेशमावरची चित्रंही असतात, ती मी घाईत पाहिली. साहित्य मंदिर (टेंपल ऑफ लिटरेचर, कन्फ्यूशियसचं जुनं देऊळ) तिथून चालत जाण्याइतकं जवळ आहे. कॉफी लाममध्ये.

दोन गोष्टी राहिल्या. एक, अमेरिकेशी युद्ध चालू असताना बॉम्बच्या भीतीनं संग्रहालयानं मूळ चित्रं हलवली आणि भिंतीवर नकला लावल्या होत्या. त्यातून अस्सल कुठलं, नक्कल कुठली हा घोळ बरीच वर्षं पुरला. दोन, रस्त्यावर कुणी ‘फाय’ विकत असेल तर घेऊ नका. खोटे फाय भंडाऱ्यातल्या पत्रावळींइतके आहेत. २०१६ मध्ये तर हो ची मिन्ह शहराच्या संग्रहालयातच युरोपातून परत आलेली म्हणून १७ चित्रं लावली होती. तपासाअंती १५ बनावट निघाली, उरलेल्या दोहोंवरच्या सह्या खोट्या.

आणि मित्रावर अन्याय नको म्हणून: १९४६ मध्ये हो ची मिन्ह फ्रान्सला आले तेव्हा त्यांच्यावर फिल्म काढणारा माय थूच. म्हणजे गेलेले सगळेच विसरले होते असं मी म्हणत नाही. जायचं त्यानं जावं. मागे थांबलेल्याचा हिशेब मात्र त्यानं मांडू नये. मित्र हे उत्तर वाचणार आहे. १९८८ वर काय म्हणणं आहे ते त्यानं खाली लिहावं, कॉफी प्यायल्यावर विषय बदलला होता त्यानं.