इंजिनिअरिंग की शहर नियोजन?

प्रश्न: ताई, मी इंदूरची, बारावीला मॅथ्स आहे. मला शहर नियोजन शिकायचंय पण बाबा म्हणतात आधी इंजिनिअरिंग कर. काय करू?

उत्तर: अगं, थेट बी.प्लॅनिंगच कर ना! चार वर्षांचा कोर्स, जेईई मेनचा पेपर २बी द्यायचा, आणि एसपीए, म्हणजे स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर, तर इथे भोपाळलाच आहे. नुसते नकाशे नसतात गं त्यात, पाणी, घरं, ट्रॅफिक, कायदे सगळं येतं आणि मला तर पॉलिसीचा भागच सगळ्यात मोलाचा वाटतो. पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगर नियोजकाने १९१८ मध्ये होळकर दरबाराला इंदूरच्या नियोजनाचा रिपोर्ट दिला होता, तो बाबांबरोबर वाच. आणि एका संध्याकाळी राजवाड्यापासून कृष्णपुरा छत्रीपर्यंत पायी जा, फुटपाथ कुठे संपतो, म्हातारी माणसं रस्ता कुठून ओलांडतात, सगळं वहीत लिही आणि ती वही बाबांना दाखव.