प्रश्न तुमचे : अ‍ॅस्पर्जरचा जुना रिपोर्ट आणि ऑटिझमचं नवं निदान

प्रश्न : माझ्या मुलाला २००९ मध्ये, आठव्या वर्षी, ‘अ‍ॅस्पर्जर सिंड्रोम’ असल्याचं सांगितलं होतं. आता नव्या डॉक्टरांनी ‘ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर, लेव्हल १’ लिहून दिलंय. त्याचा त्रास वाढला का? सगळ्या चाचण्या पुन्हा करायच्या का?

उत्तर : नवं नाव आलं म्हणजे त्रास वाढला असं नाही, निदानाची चौकट बदलली आहे. ऑटिझममध्ये सामाजिक संवाद अवघड जातो आणि वागण्यात पुनरावृत्ती असते; त्यातल्या, बोलणं वेळेवर आलेल्यांसाठी अ‍ॅस्पर्जर हे वेगळं नाव होतं. अमेरिकन मानसोपचार संघटनेची ‘डीएसएम-५’ ही नियमावली मे २०१३ मध्ये आली. तिने ऑटिझम, अ‍ॅस्पर्जर आणि ‘पीडीडी-एनओएस’ (या दोन्हींत नीट न बसणारी, पण तशाच प्रकारची अडचण) यांचे वेगळे कप्पे मोडून एकच निदान ठेवलं. अ‍ॅस्पर्जरचं निदान आधीच पक्कं झालेल्यांना हेच निदान द्यावं, अशी टीपही त्यात आहे. तेव्हा निव्वळ नावासाठी पुन्हा चाचण्या नकोत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या आजारांच्या वर्गीकरणात अ‍ॅस्पर्जरला एफ८४.५ हा स्वतंत्र कोड होता. २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये त्याच्या सर्वांत जवळचा कोड ६ए०२.० आहे : बौद्धिक अक्षमता नाही, भाषेची अडचण नाही किंवा सौम्य आहे, असा ऑटिझम.

कप्पे मोडले कारण ते टिकतच नव्हते. जुन्या नियमाने दुसऱ्या वर्षापर्यंत सुटे शब्द आणि तिसऱ्यापर्यंत छोटी वाक्यं आली असतील तरच अ‍ॅस्पर्जर म्हणायचं. पण मूल पहिला शब्द कधी बोललं हे आईवडिलांना दहा वर्षांनी नेमकं आठवत नाही. शिवाय ऑटिझमचे निकष पूर्ण होत असतील तर अ‍ॅस्पर्जर लिहायचंच नाही, असंही कलम होतं. ते काटेकोर पाळलं तर अ‍ॅस्पर्जरमध्ये फारसं कुणी उरत नव्हतं. २०१२ मध्ये बारा केंद्रांतल्या दोन हजारांहून अधिक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मुलांची लक्षणं सारखी असूनही कुठलं नाव मिळेल हे मुख्यतः केंद्रावर ठरत होतं. आमच्या मते एवढ्यावरच जुनी विभागणी निकालात निघते.

आता ‘लेव्हल १’. याचा अर्थ ‘आधाराची गरज आहे’ असा आहे. ‘सौम्य आहे, सोडून द्या’ असा अर्थ लावला जातो, आणि नुकसान तिथेच होतं. अस्खलित बोलणारा तरुण ‘वेळ मिळाला की हे बघ’ एवढ्या सूचनेवर दिवसभर अडकून बसू शकतो, कारण ‘वेळ मिळाला’ म्हणजे नेमकं कधी, हे त्यात नसतं. त्याला लेखी सूचना, मुदत आणि कामांचा क्रम हवा. म्हणून डॉक्टरांकडून एक पानी पुरवणी मागून घ्या : जुन्या निदानाची तारीख, नवं नाव व कोड, सामाजिक संवाद आणि पुनरावृत्तीचं वर्तन या दोन्हींच्या वेगवेगळ्या लेव्हल, भाषेची व बुद्धिमत्तेची स्थिती, आणि कुठला आधार हवा ते ठोस शब्दांत. जुना मूळ रिपोर्ट टाकू नका. बालपणाचा तो पुरावा पुन्हा तयार करता येत नाही.

एक तपासणी मात्र जरूर विचारा. २०१३ पूर्वीच्या नियमांत अ‍ॅस्पर्जरसोबत एडीएचडीचं (लक्ष टिकवण्यातली अडचण आणि अतिचंचलता) निदान देता येत नसे. मुलगा कामं अर्धवट सोडत असेल, वस्तू सतत हरवत असेल, तर ते तेव्हा नोंदवायचं राहून गेलेलं असू शकतं.

प्रश्न : मी ३४ वर्षांची आहे. पन्नास प्रश्नांच्या ऑनलाइन चाचणीत मला ३५ गुण आले. म्हणजे मी ऑटिस्टिक आहे का?

उत्तर : ही बहुधा केंब्रिजमध्ये तयार झालेली, ऑटिझमची लक्षणं मोजणारी ‘एक्यू’ प्रश्नावली. २००१ च्या मूळ अभ्यासात ३२ किंवा अधिक गुण सुमारे ८० टक्के ऑटिस्टिक प्रौढांना आणि तुलनेसाठी घेतलेल्या गटातल्या दोनच टक्के लोकांना मिळाले. तुमचे गुण दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत. पण सामाजिक भीती असणाऱ्यांचे गुणही वाढतात, म्हणून यावरून निदान होत नाही.

निदानासाठी सामाजिक संवादातल्या तिन्ही अडचणी (बोलण्या-भावनांची देवाणघेवाण, नजर-हावभाव, नाती जोडणं-टिकवणं) लागतात, आणि पुनरावृत्ती, ठरावीकपणाचा आग्रह, तीव्र आवड, आवाज-स्पर्श-प्रकाशाची वेगळी जाणीव या चारांपैकी किमान दोन गोष्टी. सुरुवात बालपणापासून हवी. शाळेची प्रगतिपुस्तकं (शिक्षकांचे शेरे सगळ्यात उपयोगी), जुने व्हिडिओ आणि तुम्हाला लहानपणी पाहिलेलं माणूस सोबत न्या. ‘मला लोकांत मिसळता येत नाही’ हे पुरेसं नाही. ‘फोन करण्याआधी वाक्यं लिहून काढते’, ‘दोघं एकदम बोलले की एकाचंही कळत नाही’ अशी उदाहरणं लिहून न्या.

प्रौढांसाठी एडीओएस-२ या, तज्ज्ञ समोरासमोर वागणं-बोलणं पाहून गुण देतात त्या चाचणीचा चौथा भाग वापरतात. त्याला पाऊण ते एक तास लागतो. इथे एक धोका आहे. वर्षानुवर्षं हावभाव घोटवून स्वतःला लपवायला शिकलेली व्यक्ती, विशेषतः स्त्री, तेवढा वेळ सहज निभावून नेते आणि गुण कमी येतात. त्यामुळे बालपणाच्या विकासाची सविस्तर मुलाखतही घ्या, असं स्पष्ट सांगा, आणि घरी परतल्यावर किती थकवा येतो तेही सांगा.

प्रश्न : ‘अ‍ॅस्पर्जर’ हा शब्द वापरूच नये का?

उत्तर : स्वतःसाठी वापरायचा की नाही, हा त्या व्यक्तीचा हक्क. हान्स अ‍ॅस्पर्जर या बालरोगतज्ज्ञांनी १९४४ मध्ये व्हिएन्नात चार मुलांचं वर्णन केलं. नाव रूढ झालं ते १९८१ मध्ये ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ लोर्ना विंग यांच्या लेखाने. त्याआधी, १९२५ मध्येच, मॉस्कोच्या बालमानसोपचारतज्ज्ञ ग्रुन्या सुखारेवा यांनी सहा मुलांचं बरंचसं तसंच वर्णन केलं होतं. २०१८ मध्ये पुढे आलेल्या कागदपत्रांवरून दिसलं की अ‍ॅस्पर्जर यांनी अपंग मुलांना व्हिएन्नातल्या ‘आम श्पीगेलग्रुंड’ या मुलांच्या संस्थेत पाठवलं होतं. नाझी काळात त्या संस्थेत जवळजवळ ८०० मुलं दगावली, अनेकांना ठरवून मारण्यात आलं. हे कळल्यावर अनेकांनी तो शब्द सोडला. इतरांनी दुसऱ्याला मात्र त्या व्यक्तीने निवडलेल्या शब्दानेच संबोधावं.

प्रश्न : एमआरआय किंवा रक्ततपासणीत ऑटिझम कळतो का?

उत्तर : नाही. जुळ्यांच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा मोठा दिसतो, पण अ‍ॅस्पर्जर वेगळा ओळखणारं एकही जनुक नाही. फिट येत असतील तर ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी), आणि बौद्धिक विकासही मागे असेल तर जनुकीय तपासणी डॉक्टर सुचवू शकतात. निव्वळ निदानासाठी स्कॅनचा खर्च करू नका.