प्रश्न कवितेचे : ‘करायचे’पासून ‘असतो’पर्यंत

प्रश्न : माझं वय ४८. कॉलेजात कविता लिहायचे, मग पंचवीस वर्षं वही उघडली नाही. गेल्या वर्षी मुलगा शिकायला दूर गेला आणि पुन्हा लिहावंसं वाटू लागलं. पण जे लिहिते ते सगळं एकसारखं होतं : ‘आयुष्याच्या वळणावर / रितेपणाची सावली / अर्थ शोधते मी माझा’. खोटं नाही हे, तरी वाचताना परकं वाटतं. रोज रात्री मुलाच्या खोलीतला दिवा बंद करायचे. आता बंदच असतो, तरी जाऊन बटण बघून येते. इतकं आत साठलेलं असताना कविता का होत नाही? की उशीर झालाय?

उत्तर : उशिराचं आधी. वॉलेस स्टीव्हन्स हा अमेरिकन कवी विमा कंपनीत नोकरी करायचा. १९२३ साली त्याचा पहिला संग्रह आला तेव्हा तो ४३ वर्षांचा होता आणि नोकरी सांभाळत तो पुढेही लिहीत राहिला. हा प्रश्न इथेच सोडू.

तुमच्या तीन ओळींत अडचण एकच आहे. ‘रितेपणाची’ हा शब्द आठ अक्षरांतली पाच घेऊन बसतो. उरलेल्या तिनांत सावली आली, पण ती कशाची, कुठे पडली, हे सांगायला जागाच राहिली नाही. ‘अर्थ’ या शब्दाचंही तसंच. इटालियन कवी दान्तेचं ‘डिव्हाइन कॉमेडी’ हे महाकाव्यही तुमच्या ओळींसारखं आयुष्याच्या मध्यावरच सुरू होतं. १२६५चा जन्म, काव्यातली घटना १३०० सालची, म्हणजे ३५ वर्षं. माणसाचं आयुष्य सत्तर धरलं तर बरोबर निम्मं. पहिल्या ओळीत तो ‘आपल्या आयुष्याच्या’ म्हणतो आणि दुसऱ्याच ओळीत ‘मी’वर येतो : मी अंधाऱ्या अरण्यात सापडलो. थोडं पुढे वाटेत एक बिबट्या येतो, मग सिंह, मग लांडगी. त्या जनावरांचा अर्थ लावण्यात लोकांची सातशे वर्षं गेली. पण दान्तेनं आधी जनावर दाखवलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

मीही पंचेचाळिशीत ‘काळ’ या विषयावर तीन पानी कविता लिहिली होती. त्यातलं आज काहीच आठवत नाही. त्याच सुमारास एका अर्जावर सही करताना दिसलं की माझा ‘ळ’ वडिलांच्या ‘ळ’सारखा वळू लागलाय, शेपटी तशीच लांब, तशीच डावीकडे. ते गेल्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती. त्या एका अक्षरावर नऊ ओळी झाल्या. त्या अजून माझ्याजवळ आहेत.

आता तुमच्या पत्राकडे पुन्हा बघा. ‘करायचे’ हा आपल्या भाषेतला सवयीचा भूतकाळ. एकदा घडलेलं नव्हे, रोज घडत असलेलं आणि मग कधीतरी थांबलेलं; नेमकं कोणत्या रात्री, ते क्रियापद सांगत नाही. या वयाचं दुखणं त्या ‘-यचे’त जितकं आहे तितकं ‘रितेपणा’त नाही. आणि पुढे लगेच ‘असतो’, साधा वर्तमान. मूल वाढलेलं, घराबाहेर पडलेलं, सगळं त्या दोन क्रियापदांच्या मध्ये मावलंय. मी तुमचेच शब्द फक्त दोन ओळींत मांडले :

दिवा बंद करायचे
आता बंदच असतो

अक्षरं मोजा. आठ आणि आठ. अष्टाक्षरी तुमच्या हातातच होती. पत्र लिहिताना तुम्ही कविता करत नव्हता म्हणून ती निसटून आली.

तिसरी ओळ मी लिहिणार नाही, ती तुमची आहे. बटणाची असावी असं मला वाटतं. ते दाराच्या आत आहे की बाहेर, म्हणजे बघायला तुम्ही खोलीत पाऊल टाकता की उंबऱ्यावरूनच परतता, एवढं त्या ओळीतून कळू दे. झाली की पाठवा.