टूथपेस्टची ट्यूब: आधी पेस्ट बघा, मग भंगाराची साखळी

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लवंग आणि पुदिन्याच्या तेलाची, कॅल्शियम कार्बोनेटवर बेतलेली, फ्लोराइड नसलेली पेस्ट लहान प्रमाणात बाजारात आणायची आहे. ॲल्युमिनियम, उसापासून केलेलं प्लास्टिक, कंपोस्टेबल आणि नेहमीची लॅमिनेट यांतली कोणती ट्यूब घ्यावी? पॅकेजिंगमध्ये बरीच वर्षं काढल्यावर माझं मत ठाम आहे: जवळजवळ संपूर्ण एचडीपीईची (पॉलिथिनची कडक जात), आत ईव्हीओएचचा (वास अडवणारं एक प्लास्टिक) पातळ थर असलेली ट्यूब घ्या. झाकणही एचडीपीईचंच मागा.

नेहमीच्या लॅमिनेट ट्यूबमध्ये पॉलिथिनच्या थरांमध्ये ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा असतो. पेस्टसाठी ती उत्तम. पाणी उडत नाही, वास टिकतो. पण हे थर एकमेकांपासून सुटे करणं कुणालाच परवडत नाही, म्हणून ती ट्यूब शेवटी भट्टीत जाते नाहीतर कचरा डेपोवर. कोलगेटने 2019 मध्ये एचडीपीईची पुनर्वापरयोग्य ट्यूब आणली आणि त्यामागचं तंत्र स्पर्धकांनाही खुलं केलं. एचडीपीई मुळात बाटलीचं कडक प्लास्टिक. ते बोटाने दाबता येईल इतकं मऊ करण्यासाठी त्यांनी वेगवेगळ्या जातींचे, वेगवेगळ्या जाडीचे थर एकत्र केले. मुंबईची ईपीएल, म्हणजे पूर्वीची एस्सेल प्रोपॅक, अशा ट्यूब आपल्याकडेच बनवते, त्यामुळे माल बाहेरून मागवायचा प्रश्न नाही.

ईव्हीओएच कशाला? पॉलिथिन पाणी अडवतं, पण सुगंधी तेलं स्वतःत शोषून घेतं. लवंगेचं तेल तर फार भेदक. सहा महिन्यांनी पेस्टला वास राहिला नाही, तर लोक ट्यूब अर्धवट टाकून देतात, आणि वाया गेलेल्या पेस्टचं नुकसान ट्यूबपेक्षा मोठं असतं. ईव्हीओएच वास धरून ठेवतं, मात्र ओल लागली की त्याची ताकद कमी होते, म्हणून ते दोन थरांच्या मध्येच हवं. त्याचं प्रमाण वजनाच्या काही टक्क्यांपलीकडे गेलं की पुनर्वापरात अडचण येते. नेमका आकडा पुरवठादाराकडून लेखी घ्या.

ॲल्युमिनियमकडे तुमचा ओढा दिसतो आणि कारणही समजण्यासारखं आहे. भंगारातून ते पुन्हा वितळवायला नव्या धातूच्या तुलनेत साधारण 5 टक्केच ऊर्जा लागते. पण तुमची पेस्ट अल्कधर्मी आहे आणि उघडं ॲल्युमिनियम अल्कात टिकत नाही. आतून लॅकर, म्हणजे संरक्षक लेप, द्यावंच लागतं. ग्राहक ट्यूब दुमडतो, पिळतो. तिथे लॅकरला तडा गेला की धातू आणि पेस्ट यांची गाठ पडते. शिवाय या ट्यूबचं मागचं टोक घड्या घालून बंद करतात, उष्णतेने नाही, त्यामुळे भरण्याचं मशीनच वेगळं लागतं. तुम्ही बाहेरून भरून घेणार असाल तर हे आधी विचारा. एचडीपीईबद्दलही विचारा: काही ठिकाणी सीलिंग उच्च वारंवारितेच्या इंडक्शनवर, म्हणजे आतला धातू विद्युतचुंबकीय पद्धतीने तापवून, चालतं, आणि त्याला ॲल्युमिनियमचा पत्रा लागतोच. गरम हवेचं किंवा अल्ट्रासॉनिक सीलिंग चालेल.

कंपोस्टेबलचा नाद सोडा. त्यातलं नेहमीचं प्लास्टिक, पीएलए, ओलाव्याने आणि उष्णतेने खचतं, 60 अंशांच्या आसपास मऊ पडतं. वैशाखात ट्रकमध्ये तुमचा माल कुठे असेल? आणि ते कुजायला लागणारं औद्योगिक कंपोस्टिंग घराघरातल्या ट्यूबपर्यंत पोहोचलेलंच नाही. उसाचं पॉलिथिन मात्र चांगलं आहे. रेणू तोच, म्हणून पुनर्वापर साध्या पॉलिथिनबरोबरच होतो. फक्त ते कुजत नाही, तेव्हा ‘विघटनशील’ असं त्यावर छापू नका. ऑक्टोबर 2024 पासून पर्यावरणाच्या फसव्या दाव्यांवर केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वं लागू आहेत, पुरावा हाताशी लागतो.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. पुनर्वापरयोग्य ट्यूब पुनर्वापरात जाईलच असं नाही. कचरावेचक बाया वजनावर कमावतात, आणि रिकामी ट्यूब जेमतेम काही ग्रॅमची. लहान ट्यूब वेचायला कुणी वाकत नाही. म्हणून 20 ग्रॅमची ट्यूब टाळा, 100 ग्रॅमची ठेवा, छपाई हलकी ठेवा. पुण्यात ‘स्वच्छ’सारखी कचरावेचकांची सहकारी संस्था आहे, तुमच्या शहरात असं कुणी असेल तर ट्यूब कोणत्या ढिगात टाकतात, त्याला भाव मिळतो का, हे आधी त्यांना दाखवून विचारा. तंत्रज्ञापेक्षा त्यांचं उत्तर खरं.

बाहेरचा पुठ्ठ्याचा खोका काढता आला तर काढाच. किंमत, बॅच, तारीख ट्यूबवर बसतात की नाही तेवढं डिझायनरकडून बघून घ्या.

ऑर्डर देण्याआधी नमुन्याच्या ट्यूब भरून 40 अंश आणि 75 टक्के आर्द्रतेत किमान तीन महिने ठेवा, काही आडव्या, काही झाकण खाली करून. दर महिन्याला वजन, वास, पीएच आणि सील तपासा. ट्यूबच्या खांद्याचा, म्हणजे झाकणाखालचा निमुळता, भाग भिंगाखाली नक्की बघा: फेस आणणारा घटक आणि लवंगतेल मिळून पॉलिथिनला बारीक चिरा पाडू शकतात, आणि त्या बहुधा तिथेच आधी दिसतात. चिरा दिसल्या तर तेलाचं प्रमाण सांगून पुरवठादाराकडे एचडीपीईची दुसरी ग्रेड मागा.