लष्कर, नौदल आणि हवाई दल यांपैकी जवानाला पगार आणि भत्ते सर्वांत जास्त कुठे मिळतात? बारावीनंतर भरती व्हायचं आहे.

मी स्वतः फौजेत नव्हते. माझे यजमान पायदळातून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि थोरले दीर हवाई दलात टेक्निकल ट्रेडला आहेत. दोघांचे पगार एकाच घरात यायचे, त्यामुळे ह्या प्रश्नावर आमच्याकडे जेवढी भांडणं झाली तेवढी जमिनीवरूनही झाली नाहीत.

मूळ पगार तिन्हीकडे सारखाच. सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात शिपाई 21,700 ला सुरू होतो, हवालदार 29,200 ला. नौदलातला पेटी ऑफिसर आणि हवाई दलातला सार्जंट हवालदाराच्याच ओळीत बसतात. मिलिटरी सर्व्हिस पे, म्हणजे फौजेतल्या नोकरीसाठी मूळ पगारावर मिळणारी रक्कम, शिपायापासून सुभेदार मेजरपर्यंत 5,200. महागाई भत्ता आणि मुलांचा शिक्षण भत्ताही तोच. 'नेव्हीत पगार जास्त' असं अकॅडमीवाले सांगतात त्यावर विश्वास ठेवू नका. फरक पडतो तो काम आणि जागा यांमुळे. 2017 ला ठरलेल्या दरांनी दरमहा जोखमीचा भत्ता जहाजावरच्या नौसैनिकाला 6,000, पाणबुडीवाल्याला, मार्कोसला (नौदलाच्या कमांडोंना) आणि विमानातून उडणाऱ्या एअरमनला 17,300, आणि सियाचीनला 30,000. अधिकाऱ्यांचे दर वेगळे, सियाचीनला त्यांना 42,500.

ह्या 30,000 वरूनच आमच्या घरात फूट पडायची वेळ आली होती. 2018 साली गावचं जुनं घर उतरवून स्लॅब टाकायचं ठरलं. ह्यांची पलटण तेव्हा सियाचीन ग्लेशियरला होती. खातं मामंजींबरोबर जॉइंट होतं आणि ते दर महिन्याला बँकेत जाऊन पासबुक भरून आणायचे. त्यात ह्यांची जमा भाऊजींच्या पगारापेक्षा जास्त दिसली आणि जाऊबाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, "धाकट्यांना आता बक्कळ मिळतंय, स्लॅबचे दोन वाटे त्यांनी घालावेत, एक आम्ही घालतो." मामंजींनीही मान डोलावली.

मी दोन्ही पे-स्लिपा मागवून घेतल्या आणि सोप्यात सतरंजीवर शेजारी शेजारी ठेवल्या. मूळ पगारात थोडाच फरक, 5,200 दोन्हीकडे. भाऊजींच्या स्लिपवर त्याखाली एक ओळ होती, एक्स ग्रुप पे, म्हणजे टेक्निकल ट्रेडवाल्यांचा वेगळा पगार, 6,200. ती ओळ ते पुण्यात असोत, जोधपूरला असोत की महिनाभर सुट्टीवर घरी असोत, दर महिन्याला येते आणि पेन्शनच्या हिशेबातही धरली जाते. ह्यांच्या स्लिपवर सियाचीनचे 30,000 होते, पण पलटण खाली उतरली की ती ओळ जाणार आणि पेन्शनमध्ये तिचा एक पैसाही धरत नाहीत. उणे तापमानात बर्फावर झोपणाऱ्या माणसाच्या त्या पैशाकडे बघून घराचे वाटे ठरवायचे, हे मी चालू दिलं नाही. मामंजींना मी तेच सांगितलं. त्यांनी दोन्ही कागद चष्मा लावून पुन्हा पुन्हा वाचले आणि स्लॅब निम्मा-निम्मा झाला. जाऊबाई त्यानंतर बरेच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलायच्या. तरीही मी केलं ते बरोबरच केलं असं मला आजही वाटतं.

खरी तफावत मात्र महिन्याच्या पगारात दिसतच नाही, ती नोकरीच्या वर्षांत आहे. लष्करात शिपायाची सेवा 17 वर्षांची, हवालदाराची 24, त्यावर दोन वर्षांची मुदतवाढ. हे 45 व्या वर्षी घरी आले तेव्हा आमची थोरली अकरावीत होती. हवाई दलात सुरुवातीचीच मुदत 20 वर्षांची असते आणि मुदतवाढ मिळत गेली तर माणूस 57 पर्यंत राहतो. नौदलातही वरच्या हुद्द्यापर्यंत पोचलेला 57 पर्यंत राहू शकतो. म्हणजे ऐन शिक्षणाच्या आणि लग्नाच्या खर्चात आमच्याकडे अर्धा पगार आणि भाऊजींकडे पूर्ण पगार, वर पुढची बढती. पासबुकातल्या एका जमेवरून हे कुणाला दिसत नाही.

विमानाचं इंजिन सांभाळणाऱ्याला जास्त द्यावं, ह्याला माझी ना नाही. पण शिक्षणाला दरमहा वेगळा पगार आणि सगळं तारुण्य सीमेवर काढणाऱ्या पायदळाच्या जवानाला पेन्शनमध्ये धरलं जाईल असं वेगळं काहीच नाही, हा अन्याय आहे. आता आठवा वेतन आयोग न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखाली बसला आहे. माजी सैनिकांच्या संघटनांनी दरवाढीबरोबर हेही मागावं.

आता तुमच्याबद्दल. तुम्ही अग्निवीर म्हणून, म्हणजे चार वर्षांच्या भरतीवर जाणार, आणि वरचं बरंचसं तुम्हाला लगेच लागू नाही. तिन्ही दलांत पहिल्या वर्षी 30,000, चौथ्या वर्षी 40,000, त्यातले 30 टक्के सेवा निधीसाठी (शेवटी एकरकमी मिळणाऱ्या पैशासाठी) कापून हातात 21,000 ते 28,000. महागाई भत्ता नाही, मिलिटरी सर्व्हिस पे नाही, जोखीम भत्ता मात्र लागू असेल तिथे मिळतो. चार वर्षांनी व्याजासह 11.71 लाखांच्या आसपास निधी मिळतो आणि कायम ठेवतात ते 25 टक्क्यांपर्यंतच. म्हणून पगारासाठी दल निवडण्यात अर्थ नाही. बाहेर पडल्यावर हाताला काम देईल असा ट्रेड निवडा. बारावीला फिजिक्स-गणित असेल तर हवाई दल किंवा नौदलाची एसएसआर (बारावीवरची नौसैनिक भरती) आधी बघा, मग लष्कराचं टेक्निकल. जनरल ड्यूटीला मनापासून जायचं असेल तर जरूर जा, आमच्या घराला त्याचा अभिमानच आहे.

एक राहिलं. मी दिलेले भत्त्यांचे आकडे 2017 चे आहेत. महागाई भत्ता 50 टक्क्यांवर गेल्याने जानेवारी 2024 पासून जोखमीच्या भत्त्यांचे दर 25 टक्क्यांनी वाढले. एक्स ग्रुपचे 6,200 हे मान्यताप्राप्त डिप्लोम्याच्या तोडीची पात्रता असलेल्यांना, बाकीच्या एक्स ट्रेडना 3,600. असे ट्रेड लष्करातही आहेत, पायदळाच्या जनरल ड्यूटीत नाहीत.

आणि खातं स्वतःच्या एकट्याच्या नावावर उघडा. घरी दर महिन्याला ठरलेली रक्कम पाठवा, भत्ता आला म्हणून ती वाढवू नका.