बोर्ड एनबीसीचा, पगार दुसऱ्याच कंपनीचा

प्रश्न: माझी मुलगी अमेरिकेत मिसुरी विद्यापीठात पत्रकारितेचं पदव्युत्तर शिक्षण घेते आहे. तिला नेब्रास्कातल्या एका छोट्या शहरात एनबीसीच्या टीव्ही स्टेशनवर वार्ताहराची नोकरी मिळते आहे. पण ऑफर लेटरवर एनबीसीचं नाव नाही, भलत्याच कंपनीचं आहे. शिवाय दोन वर्षांचा बाँड. यात फसवणूक तर नाही ना? की हे सोडून न्यूयॉर्कलाच प्रयत्न कर म्हणून सांगू? – एक पालक, सांगली

उत्तर: सप्रेम नमस्कार. तुम्ही लिहिलंय त्यावरून तरी फसवणूक दिसत नाही.

सांगलीतला कुठलाही पेट्रोल पंप डोळ्यांसमोर आणा. वर बोर्ड इंडियन ऑइलचा नाहीतर एचपीचा, पण पंप कुणा डीलरचा. पेट्रोल भरणाऱ्या पोराचा पगार डीलरच देतो. अमेरिकेत एनबीसी, सीबीएस, एबीसी आणि फॉक्स या नेटवर्कांचं, म्हणजे देशभर टीव्ही कार्यक्रम पुरवणाऱ्या कंपन्यांचं, बरंचसं असंच आहे. न्यूयॉर्क, शिकागो, लॉस एंजेलिस अशा बड्या शहरांत त्यांची स्वतःच्या मालकीची स्टेशनं आहेत. न्यूयॉर्कचं डब्ल्यूएनबीसी हे एनबीसीचंच. बाकीची शेकडो स्टेशनं दुसऱ्यांची, करार करून नेटवर्कला जोडलेली. त्यांना तिकडे अफिलिएट म्हणतात. नेक्सस्टार, सिंक्लेअर, ग्रे हे त्यांतले मोठे मालक. पत्रावर अशाच एखाद्या मालक कंपनीचं नाव असणार. स्टेशनच्या वेबसाइटवर अगदी तळाशी मालकाचं नाव असतं, ते पत्राशी ताडून पाहा.

तुम्हाला हे विचित्र वाटलं, कारण आपली पिढी दूरदर्शन बघत वाढली. १९७२ मध्ये मुंबई केंद्र सुरू झालं ते सरकारचं, दिल्लीचंही सरकारचंच. पुढे खासगी चॅनेलं आली ती उपग्रहावरून थेट केबलवाल्याकडे. मध्ये गावचं स्टेशन, त्याचा वेगळा मालक, ही भानगड आपण पाहिलीच नाही. मुलीला मात्र ती चांगली ठाऊक असणार. मिसुरी विद्यापीठाच्या मालकीचं केओएमयू हे स्टेशन एनबीसीचं अफिलिएट आहे आणि पत्रकारितेची मुलं तिथे खऱ्या बातम्या करतात. मला पत्र लिहिण्याआधी तिला एक फोन केला असतात तर तुमची झोप वाचली असती!

नेब्रास्काच्या पूर्व भागात साधारणपणे संध्याकाळी ५ ला स्थानिक बातम्या, साडेपाचला न्यूयॉर्कहून नेटवर्कच्या राष्ट्रीय बातम्या, ६ ला पुन्हा गावच्या, ७ ते १० नेटवर्कच्या मालिका, आणि १० ला परत स्थानिक बातमीपत्र. नेटवर्कच्या कार्यक्रमातल्या काही जाहिराती स्टेशन स्वतः विकतं. गावच्या मोटारविक्रेत्याची जाहिरात तिथे दिसते ती त्यामुळे. एखादा कार्यक्रम न दाखवण्याची मुभाही स्टेशनला काही प्रमाणात असते. सप्टेंबर २०२५ मध्ये एबीसीने विनोदी सूत्रसंचालक जिमी किमेलचा थांबवलेला कार्यक्रम पुन्हा सुरू केला, तेव्हा नेक्सस्टार आणि सिंक्लेअरने आपल्या एबीसी स्टेशनांवर तो आणखी काही दिवस लावलाच नाही. डीलरसुद्धा कधीकधी कंपनीकडे डोळे वटारतो, तसं.

पैशाचा हिशेब मात्र उलटा झालाय आणि त्याची झळ तुमच्या मुलीला बसेल. पूर्वी आपले कार्यक्रम दाखवावेत म्हणून नेटवर्क स्टेशनांना पैसे द्यायचं. १९९२ च्या कायद्याने स्टेशनांना केबल कंपन्यांकडून मोबदला मागता यायला लागला, आणि पुढे नेटवर्क त्यातलाच वाटा मागायला लागलं. आता स्टेशनच नेटवर्कला पैसे देतं. मग काटकसर होते ती न्यूजरूममध्ये. छोट्या स्टेशनवर वार्ताहराबरोबर कॅमेरामन नसतो. सकाळच्या मीटिंगमध्ये विषय ठरला की तीच ट्रायपॉड गाडीत टाकणार, शेतकऱ्याची मुलाखत घेताना फ्रेमही तीच लावणार, गाडीत बसून एडिट करणार आणि संध्याकाळी थेट प्रक्षेपणात बोलणार. दमछाक होते. पण दोन वर्षांत जेवढं काम हातावर बसतं, तेवढं मोठ्या ऑफिसात फाइली पोचवत बसून नाही बसत.

न्यूयॉर्कची वाट बघावी असं मला वाटत नाही. तिकडे टीव्हीचा धंदा २१० बाजारपेठांत विभागलेला आहे. न्यूयॉर्क पहिलं, माँटानातलं ग्लेनडाइव्ह हे चिमुकलं गाव वर्षानुवर्षं यादीच्या तळाशी. नवख्याने खालून सुरुवात करून वर सरकायचं, अशी तिथली रीत आहे. शिवाय छोट्या स्टेशनची बातमी गावातच अडकून पडत नाही. चक्रीवादळ आलं, कारखाना बंद पडला, की तिची चित्रफीत एनबीसीच्या शार्लट इथल्या न्यूज चॅनेल या सेवेतून देशभरच्या एनबीसी स्टेशनांकडे जाऊ शकते.

आता बाँड. मला खरी काळजी इथे वाटते. दोन-तीन वर्षांचे करार तिथे नेहमीचे आहेत. मुदतीआधी सोडलं तर ठरलेली रक्कम भरा, त्याच शहरातल्या प्रतिस्पर्धी स्टेशनकडे जाऊ नका, अशी कलमं त्यात असतात. पण पत्रकारितेच्या पदवीवर शिक्षणानंतर काम करायची परवानगी, म्हणजे ओपीटी, साधारणपणे १२ महिन्यांचीच मिळते. करार दोन वर्षांचा आणि परवानगी एक वर्षाची! पुढे एच-१बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा, हवा तर अर्ज कंपनीने करायचा, आणि तरीही लॉटरी. म्हणून तिने एचआरला दोन गोष्टी ईमेलवर विचाराव्यात: तुम्ही एच-१बीसाठी अर्ज कराल का? आणि व्हिसाअभावी काम थांबलं तर माझ्याकडून पैसे मागणार नाही, असं करारात लिहून द्याल का? तोंडी 'डोंट वरी'वर सही करू नये. सहीआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला करार दाखवावा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आलं तर नोकरी घ्यावी, पहिल्याचं 'नाही' असलं तरीही. वर्षभराचं काम आणि त्याची शोरील, म्हणजे निवडक कामाचा व्हिडिओ, तिच्या हातात राहील. दुसऱ्यालाच नकार आला तर मात्र मी दुसरं स्टेशन शोधायला सांगेन.

आणि हो, तिला गाडी येते का? या नोकरीत तिकडचं ड्रायव्हिंग लायसन्स लागतंच. नेब्रास्कात हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ असतं, तेव्हा सराव आत्ताच सुरू करू दे.