लाखाचा हेडफोन आणि मोनोतला ख्याल

प्रश्न : स. न. वि. वि. बँकेतून निवृत्त झालो, वय ६३. रात्री जेवणं झाली की आतल्या खोलीत दार लावून तास-दीड तास गाणं ऐकतो. बहुतेक ख्याल, आणि तोही जुना. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या, मल्लिकार्जुन मन्सूर, भीमसेनजी, कुमारजी, किशोरीताई. मधूनच नाट्यसंगीत. सगळं लॅपटॉपवर आहे. मुलगा म्युनिकला असतो, तो दिवाळीला येतोय. म्हणाला, ‘बाबा, दीड लाखापर्यंतचा हेडफोन सांगा, घेऊन येतो.’ त्यानेच तीन नावं कळवली : सेनहायझर एचडी ८०० एस, ऑडीझी एलसीडी-एक्स आणि फोकल क्लिअर. इथे कुठे ऐकून बघायची सोय नाही. पैसे पोराचे असले तरी वाया जाऊ नयेत. कोणता सांगू?
— एक वाचक, मिरज

उत्तर : तिन्ही नकोत. सेनहायझरचाच एचडी ६०० आण म्हणावं, नाहीतर एचडी ६५०. तुमच्या आकड्याच्या निम्म्याहून बरंच कमी बिल होईल. उरलेल्यातलं थोडं कुठे घालायचं ते पुढे सांगते.

एचडी ८०० एस हलका माल आहे म्हणून नको म्हणत नाहीये. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे आतला छोटा स्पीकर, ५६ मिलिमीटरचा आहे. तो कानावर टेकत नाही, थोडा पुढे तिरका बसवलेला असतो. त्यामुळे आवाज डोक्याबाहेर, ऐसपैस पसरल्यासारखा वाटतो. सिम्फनीचं चांगलं स्टिरिओ मुद्रण लावलंत तर कोणतं वाद्य कुठे बसलंय ते बोट दाखवून सांगता येतं. लोक पैसे मोजतात ते याचसाठी.

तुमची यादी पुन्हा वाचा. खाँसाहेब १९३७ साली गेले. त्यांच्या तबकड्या मोनो आहेत, आणि नंतरच्या दोन-अडीच दशकांतलं आपल्याकडचं बहुतेक मुद्रणही मोनोच. मोनोत डाव्या आणि उजव्या कानाला एकच आवाज जातो. गवई, तबलजी, सारंगीवाला सगळे कपाळाच्या मधोमध एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखे ऐकू येतात. हेडफोन कितीही मोठा घ्या, जी रुंदी मुद्रणातच नाही ती तो आणणार कुठून? म्हणजे ज्या गुणासाठी लाखावर मोजायचे, तो गुण तुमच्या निम्म्याअधिक संग्रहापुढे हात बांधून बसणार.

दुसरी अडचण खरखरीची. पहिला एचडी ८०० आला २००९ साली. साधारण ६ हजार हर्ट्झच्या आसपास त्याचा आवाज उसळी घ्यायचा. एस आला २०१६ मध्ये, त्यात ती उसळी दाबणारी रचना केली आणि फरक खराच पडला. पण एकंदर स्वभाव अजून उजळच आहे. जुन्या टेपची सरसर आणि तबकडीची कुरकुर ऐकू येते ती याच वरच्या भागात. भीमसेनजींच्या एखाद्या मैफलीच्या खासगी टेपवर आधीच इतकी सरसर असते, त्यात हेडफोनने तिला माईक द्यायची गरज नाही.

तुम्ही तंबोऱ्यांच्या गावचे, मिरजेचे, म्हणून एक कसोटी सुचवते. तंबोऱ्याची जवारी तुम्हाला मी काय समजावणार! घोडीवर तारेखाली सरकवलेला दोरा जागेवर बसला की तारेतून स्वरांचा जो झरा फुटतो, तो म्हणजे मूळ स्वराच्या वरचे कितीतरी उपस्वर. ते नेमके अशा पट्ट्यात पसरलेले असतात जिथे हेडफोनची खोड लगेच उघडी पडते. हेडफोन उजळ असेल तर जवारी काचेसारखी किणकिणते. मंद असेल तर तंबोरा घोंगडीखालून आल्यासारखा वाटतो. कोणत्याही दुकानात, कोणाच्याही घरी नवा हेडफोन हाती आला, तर आधी नुसता तंबोरा दोन-तीन मिनिटं ऐका. गाणं लावलं की मन गाण्यात जातं आणि हेडफोन सुटतो.

या कसोटीत एचडी ६०० माझ्या कानाला सगळ्यांत सरळ वाटतो. तो बाजारात आला १९९७ साली आणि अजून बनतोय. गळ्याचा मधला भाग, म्हणजे आकाराचा भरीवपणा, शब्दाचा उच्चार, मींडेतला जोड, यात त्याला मागे टाकणारा याच किमतीत मला सापडलेला नाही, आणि दुप्पट किमतीतही क्वचितच. एचडी ६५० आला २००३ मध्ये. त्याचा स्वभाव थोडा उबदार, वरचा भाग किंचित मागे. तुमच्या संग्रहात तबकड्या आणि खासगी टेपा जास्त असतील तर ६५० घ्या, स्टुडिओतली मुद्रणं जास्त असतील तर ६००. माझ्याकडे ६५० आहे आणि मन्सूरांसाठी मी दुसऱ्या कशाला हात लावत नाही.

खोटही सांगते. अगदी खालच्या पट्ट्यात दोन्ही उतरत जातात. डग्ग्याची घुमक ऐकू येते, पण छातीत बसत नाही. पखवाजाच्या बाबतीत हे जास्त जाणवतं. तिथे ऑडीझी खरोखर श्रेष्ठ आहे. त्यात पडद्याऐवजी प्लेनर, म्हणजे सपाट पातळ पापुद्रा चुंबकांच्या जोरावर हलतो, आणि खर्ज तळापर्यंत सरळ जातो. पण एलसीडी-एक्सचं वजन ६१२ ग्रॅम आहे! एचडी ६०० चं २६०. त्रेसष्टाव्या वर्षी रोज दीड तास सहाशेहून जास्त ग्रॅम डोक्यावर घेऊन विलंबित ऐकणार असाल तर मानेच्या डॉक्टरांचा नंबरही मुलाकडूनच मागवा. एप्रिल-मेमध्ये मिरजेत चामड्याच्या गाद्यांखाली कानांचं काय होतं ते वेगळंच. सेनहायझरच्या गाद्या मखमली कापडाच्या आहेत.

राहिला फोकल क्लिअर. मुलाने हट्टच धरला की महागातलाच आणणार, तर तिघांतला हा आणू द्या. तबल्याची थाप त्यावर अशी येते की बोट चाटीवर पडल्याचं कळतं. वजन ४५० ग्रॅम. मूळ मॉडेलची जागा आता क्लिअर एमजीने घेतली आहे, तेव्हा दुकानात नेमकं कोणतं मिळतंय ते त्याने बघून घ्यावं.

‘इतकं स्वस्त म्हणजे काहीतरी कमी असणार’ असं मुलाला वाटेल. त्याला ध्वनी-संशोधक येरून ब्रेबार्ट यांचा २०१७ चा अभ्यास दाखवा. त्यांनी २८३ हेडफोनची मोजमापं तपासली. किंमत आणि आवाजाचा समतोल यांचा संबंध काही सापडला नाही. महागड्या हेडफोनमध्ये पैसे जातात ते धातूत, चामड्यात, हाती केलेल्या कामात, आणि काही वेळा वर सांगितलेल्या एखाद्या खास गुणात. तो गुण तुमच्या कामाचा असेल तर द्यावेत.

आता उरलेल्या पैशांतलं थोडं. एचडी ६०० आणि ६५० दोन्ही ३०० ओहमचे, म्हणजे विजेला बराच रोध करणारे आहेत. त्यांना करंट फारसा लागत नाही, व्होल्टेज लागतो, आणि लॅपटॉपचं भोक बहुधा तिथेच कमी पडतं. आवाज येतो, पण हळू मुद्रण असेल तर बटण शेवटपर्यंत फिरवूनही जीव भरत नाही. फिओ, टॉपिंग, आयफाय यांपैकी कोणाचाही लहान डॅक-अॅम्प, म्हणजे लॅपटॉप आणि हेडफोनच्या मध्ये जोडायची आवाजाला जोर देणारी डबी, घ्या, दहा-पंधरा हजारांच्या आत भागेल. तो इथेच घ्या, म्हणजे बिघडला तर दुरुस्तीला म्युनिक गाठायला नको. हेडफोनच्या बाबतीतही जर्मनीत घेतलेल्या वस्तूची वॉरंटी भारतात चालेल का, हे मुलाने आधी लेखी विचारून घ्यावं. कस्टम्सचे चालू नियमही त्यानेच बघावेत. या सेनहायझरचा एक फायदा असा की गाद्या, वायर, डोक्यावरची पट्टी, जाळी सगळं सुटं मिळतं आणि घरी बदलता येतं. गाद्या चपट्या झाल्या की आवाजही बदलतो, तेव्हा गाद्यांचा एक जादा जोड आत्ताच मागवून ठेवा.

हे सगळे हेडफोन उघड्या पाठीचे आहेत. आतला आवाज बाहेर जातो, बाहेरचा आत येतो. तुम्ही दार लावून बसता म्हणून चालेल, पण पंखा थेट डोक्यावर नको. आणि आवाजाची पातळी सांभाळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास चालतात. त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८९ ला गेलात तर आठवड्याचे पाचच तास उरतात. साठीनंतर वरचे स्वर तसेही मंदावतात, ते परत मिळवायला बटण फिरवण्यात अर्थ नसतो. एकदा ऑडिओग्राम, म्हणजे कानांच्या तपासणीचा आलेख, काढून घ्या.

प्रश्न : ताई, मी ठाण्यात वन बीएचकेमध्ये राहते. आई हॉलमध्ये शिकवण्या घेते, मी आत. माझ्याकडे बाहेरचा आवाज दाबणारा ब्लूटूथ हेडफोन आहे, पण आता ‘खरा’ हेडफोन घ्यावासा वाटतो. मित्र म्हणतात उघड्या पाठीचाच घे. बजेट २० हजार. सिनेसंगीत आणि इलेक्ट्रॉनिक जास्त ऐकते.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : मित्रांना एक दिवस तुझ्या खोलीत बसव. पाढे म्हणणारी मुलं उघड्या पाठीतून थेट आत येतील, आणि तुझं गाणं त्यांच्या वहीपर्यंत जाईल. तुला बंद पाठीचाच हवा. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो बघ. तो ३२, ८० आणि २५० ओहममध्ये मिळतो, त्यातला ८० वाला घे. खालचा ठोका भरपूर आहे, वरचा भाग जरा तिखट आहे. तुझ्या संगीताला चालेल, पण गाणी ऐकूनच ठरव. दोन हेडफोन ताडून बघताना दोन्हींचा आवाज कानाला सारखा करून घे. जो जरासा मोठा वाजतो तो नेहमी चांगला वाटतो, आणि दुकानदारांना हे पक्कं ठाऊक असतं.

जुना हेडफोन विकू नकोस. आवाज दाबायचं तंत्र पंख्याची, एसीची, विमानाची एकसुरी घरघर छान खातं. माणसांच्या बोलण्यावर त्याचा जोर कमी पडतो, हे तुला रोज संध्याकाळी कळतच असेल. प्रवासात मात्र त्याच्यासारखं दुसरं नाही.

प्रश्न : मला चष्मा आहे. आणि १८ हजारांची चांदीची वायर घेतली तर आवाज सुधारतो का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : चष्म्याच्या काडीमुळे गादीला फट राहते आणि बंद पाठीच्या, तसंच प्लेनर हेडफोनमधला खर्ज तिथून गळतो. बारीक काडीची फ्रेम वापरा, मऊ जाड गाद्या घ्या आणि खरेदीला जाताना चष्मा घालूनच जा. वायरने आवाज सुधारत नाही. तुमची तुटली असेल तर साधी नवी घ्या, लांबी मात्र खुर्चीपासून अॅम्पपर्यंत आधी मोजून ठेवा.